निकालाचा शांत दिवस

कॉलेजात त्यांना सगळे फ्रीजवाले मामा म्हणत. तळमजल्यावरच्या सर्व्हर रूममध्ये एसी बारा महिने अठरावर असायचा, म्हणून भर उन्हाळ्यातही मामा स्वेटर घालून यायचे. हजेरी, प्रवेशअर्ज, निकाल, अख्खं कॉलेज तिथल्या कपाटाएवढ्या दोन यंत्रांत होतं, आणि मामांनी ते चोवीस वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. एकदा वरच्या मजल्यावरचा पाण्याचा पाइप फुटला, तेव्हा त्यांनी डिस्क काढून छातीशी धरून बाहेर नेल्या होत्या. निकालाच्या दिवशी पोरं साइटवर तुटून पडत, सर्व्हर मान टाकायचा, आणि शिपायापासून प्राचार्यांपर्यंत जो तो मामांना फैलावर घ्यायचा.

यंदा प्राचार्यबाईंनी बोलावून सांगितलं, "मामा, आता सगळं क्लाउडवर जाणार. तुमचीही दगदग संपेल."

"बरं," मामा म्हणाले.

हलवाहलवीचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं. तीन आठवडे ते एकेका वर्षाची माहिती चढवत होते, जुळवत होते, यादीवर खूण करत होते. एक नोंद इकडची तिकडे झाली नाही. शेवटच्या शुक्रवारी त्यांनी यंत्रं बंद केली. पंखे मंदावत थांबले. काहीतरी वाटेल म्हणून मामा थोडा वेळ उभे राहिले. काही वाटलं नाही. त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली ऑफिसात देऊन टाकली.

जेवताना मुलीनं विचारलं, "बाबा, वाईट वाटलं का हो?"

"नाही."

"मग, सुटल्यासारखं वाटलं?"

"तसंही नाही. भाजी वाढ."

मुलगी आणखी काही विचारणार होती, पण आईनं तिला नजरेनंच गप्प केलं.

निकाल मंगळवारी लागला. मामांना आता पहिल्या मजल्यावर मदतकक्षाची खिडकी दिली होती. पोरं जिन्यातच मोबाइलवर निकाल बघून एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत होती. साइट एकदाही अडली नाही. प्राचार्यबाई जाता जाता म्हणाल्या, "पाहिलंत? कुणाला कळलंसुद्धा नाही."

मामांनी मान डोलावली.

दिवसभरात एकच फोन आला, बायकोचा.

"जेवलात का?"

"हो. साडेबारालाच."

"निकालाच्या दिवशी?"

"हो."

दरवर्षी या दिवशी त्यांचा डबा संध्याकाळपर्यंत तसाच राहायचा. फोन ठेवला गेला.

दुपारी एक बाई खिडकीशी आल्या. त्यांना बारा वर्षांपूर्वीची गुणपत्रिका हवी होती. पूर्वी असं कुणी आलं की जुना साठा धुंडाळायला तास-दोन तास लागायचे. तोवर माणूस समोरच्या खुर्चीत बसायचा. कुणाला परदेशी जायचं असायचं, कुणाची नोकरी सुटलेली असायची, आणि चहा होईपर्यंत मामांना त्याच्या घरादाराची खबर लागलेली असायची.

आता नाव टाकलं आणि पंधरा सेकंदांत कागद बाहेर आला.

"इतक्यात झालं?" बाई म्हणाल्या.

"झालं."

त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि त्या जिना उतरून गेल्या. गुणपत्रिका कशाला हवी होती, हे विचारायचं राहूनच गेलं, असं मामांच्या लक्षात आलं. मग खिडकीत दुसरं कुणी उभं राहिलं.

"नाव सांगा," मामा म्हणाले.