डुक्कर दिसलं!

अल्लीपूरच्या बंडूजी पोशट्टीवारांना जुन्या मोटारींचा शौक आहे, असं त्यांचे मित्र म्हणतात. त्यांच्या बायकोचा, रीताबाईंचा, शब्द वेगळा. त्या म्हणतात, बिमारी. आणि खरं सांगायचं तर रीताबाईंचंच बरोबर आहे. सख्ख्या मेहुण्याचं लग्न, पंगत बसलेली, पानात वरण पडलेलं, आणि हा माणूस मांडवातून गायब! कुठे? तर कोण्या पाहुण्याच्या तोंडून निघालं की शेजारच्या गल्लीत एक स्टँडर्ड हेराल्ड उभी आहे. पंगती उठल्या तरी बंडूजी त्या गाडीखाली आडवे होते, नवा कोरा सफारी घालून. तो सफारी रीताबाई आजही आल्यागेल्याला दाखवतात, ऑइलच्या डागासकट.

पेठेत त्यांचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. दुकान वडिलांनी टाकलेलं, चालतंही बऱ्यापैकी. पण बंडूजींचा जीव दुकानामागच्या खोलीत. तिथे भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर हातभरही नसलेल्या मोटारी. पुण्याला असलेला त्यांचा मुलगा, प्रफुल, त्यांना बाहेरून किट मागवून देतो. खोक्यात प्लॅस्टिकचे सुटे भाग येतात, एका बारीक काडीला लटकलेले. बंडूजी त्या काडीला वेल म्हणतात. नखं कापायच्या कटरने वेलावरून दरवाजा तोडायचा, कडा घासायच्या, टाचणीच्या टोकाने चिकटद्रव्य लावायचं आणि श्वास रोखून बसवायचा. रंगाला तर काय, दुकान घरचंच!

पण आपल्याकडच्या सगळ्या गाड्यांची किट कुठून मिळणार? मग बंडूजी प्लॅस्टिकच्या पातळ शीटमधून स्वतःच बॉडी कापायला लागले. खरी गाडी गाठायची, टेप लावायचा, प्रत्येक मापाला चोवीसने भागायचं. अँबेसिडर झाली, जीप झाली, मॅटाडोर झाली. राहिली होती एकच, डुक्कर फियाट.

पन्नास-साठच्या दशकातली ती गुबगुबीत फियाट पुढून पाहिली की थुटना, म्हणजे नाकाड, पुढे काढून उभ्या असलेल्या डुकरासारखी दिसते, म्हणून लोकांनीच तिचं नाव डुक्कर ठेवलं. बंडूजी लहान असताना टुरिंग टॉकीजवाला तसली गाडी घेऊन अल्लीपुरात आला होता. गावातली झाडून सारी पोट्टी तिच्यामागे धावली. बंडूजींना नेमका टायफॉइड! खाटेवर पडून त्यांनी नुसता हॉर्न ऐकला. पुढे फोटो पुष्कळ पाहिले, एका प्रदर्शनात दोरीपलीकडे उभी असलेली गाडीही पाहिली. पण धावती? एकदाही नाही. आणि धावताना पाहिली नाही तर ती गाडी पाहिलीच नाही, असं बंडूजींचं ठाम मत. मॉडेलची बॉडी अर्धी होऊन फळीवर पडून होती. वळणावर ती कुठे झुकते, नाक किती खाली घालते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांचा हात पुढे सरकत नव्हता.

माघातल्या एका सकाळी फोन वाजला. कैलासचा होता. हा बियाण्याच्या कंपनीचा माणूस, गावोगाव फिरणारा, आणि बंडूजींनी त्याला केव्हाचं सांगून ठेवलेलं, कुठी जुनी गाडी दिसली तं फोन करजो.

"बंडूजी, डुक्कर दिसलं!"

बंडूजी एका गिऱ्हाइकाला प्रायमर ओतून देत होते. डबा भरला, भरून वाहिला, काउंटरवरून गिऱ्हाइकाच्या चपलेवर आला.

"कुठी?"

"आष्टीच्या अलीकडं, वच्छलाबाईच्या संत्र्याच्या बगीच्यात. काळं कुळकुळीत, झुडपात उभं आहे. पण लवकर जा जी, आज दुपारी भंगारवाला येऊन राह्यला. जाग्यावरच कापीन म्हणते."

"कापीन? त्याच्या तं..." पुढचं वाक्य छापण्यासारखं नाही.

"अहो, जेवणाचा डबा तं घेऊन जा!" रीताबाई ओरडल्या, तोवर फटफटी कोपऱ्यावरून वळलीसुद्धा. वर्धा गेलं. आंजीला एरवी चहाशिवाय ते पुढे जात नाहीत, आज आंजी कधी मागे पडली ते कळलंच नाही. आर्वी गेली. छातीत अशी धडधड, की इंजिनची कोणती आणि आपली कोणती ते समजेना. कापली असली तर? आपण पोचलो आणि नुसते पत्रे दिसले तर?

फाट्यावर एक चहाची टपरी लागली. बंडूजींनी गाडी बंद न करताच विचारलं, "भाऊ, डुक्कर कुठी आहे?"

आता झालं असं, की त्या शिवारात महिनाभर रानडुकरांनी नुसता हैदोस घातला होता. चणा मुळासकट उकरून टाकलेला. बाकावर बसलेल्या लहानू नावाच्या शेतकऱ्याचे डोळे रात्रीची जागल करकरून लाल झाले होते. डुक्कर हा शब्द ऐकला आणि त्याने हातातला कप खाली ठेवला.

"कोणाच्या वावरात?"

"वच्छलाबाईच्या बगीच्यात. लवकर सांगा ना जी, हातचं जाईन!"

"केवढं आहे?"

"जब्बर! काळं कुळकुळीत. थुटना हा एवढा!" बंडूजींनी दोन्ही हात पसरले.

"एकटंच का कळप आहे?"

"एकटंच! पुऱ्या जिल्ह्यात असं दुसरं नाई!"

"अबे चला रे!" लहानूने अशी हाक दिली की टपरी रिकामी झाली. कोणी लाठी घेतली, कोणी रॉकेलचा रिकामा डबा घेतला वाजवायला, वाटेत दोन कुत्री सामील झाली. बघता बघता अर्धं गाव बगीच्याकडे सुटलं. पुढे फटफटीवर बंडूजी. त्यांनी मागे वळून पाहिलं. एका जुन्या गाडीसाठी एवढी माणसं! कोण म्हणते लोकांना कदर नाही?

बगीच्यात शिरताच लहानूने हळू आवाजात फर्मावलं, "दोन्हीकडून घेरा. एकदम पुढं जाऊ नका, बिथरीन."

"नाई बिथरत जी," बंडूजी म्हणाले, "लई वर्षांपासून जाम आहे."

लहानूने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू भर दुपारी माणूस पिऊन आला आहे. एवढ्यात डब्यांचा ढणढणाट सुरू झाला आणि घरातून वच्छलाबाई बाहेर आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पण आवाज खणखणीत.

"काऊन रे मेल्यांनो? माह्या बगीच्यात काय वरात काढून राह्यले?"

"काकी, मांघं व्हा! डुक्कर आहे!"

"कुठी?"

"हे काय!" असं म्हणत बंडूजी थेट घाणेरीच्या झुडपात घुसले. "अबे, अबे!" म्हणून लहानू त्यांना ओढायला धावला. बंडूजींनी झुडूप दोन्ही हातांनी फाकवलं, वरची फाटकी ताडपत्री खेचली, आणि आतून एक गोल, काळं, धुळीनं माखलेलं नाक बाहेर आलं. दोन्ही बाजूंना दोन दिवे, एक फुटका.

डबे थांबले. कुत्री जाऊन नाक हुंगायला लागली.

"हे?" लहानू म्हणाला.

"हेच!" बंडूजींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. "डुक्कर फियाट!"

मग काय हशा उसळला म्हणता! एकजण तर पोट धरून संत्र्याच्या आळ्यातच बसला. लहानूने लाठी आपटली. "भैताड माणूस! मी तिकडं चण्यासाठी रात रात जागतो, अन् हा मले मोटारीच्या शिकारीले आणते!" पण हसू त्यालाही आवरेना. नाकाजवळ जाऊन त्याने हात फिरवला आणि कबूल केलं, "दिसते मात्र बरोब्बर."

गाडी वच्छलाबाईंच्या मालकांची, बापूजींची. एका वर्षी संत्रं भरघोस पिकलं तेव्हा हौसेनं घेतलेली. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. "गाडी नाई, सवत होती माही!" वच्छलाबाई म्हणाल्या. "सकाळी उठून तिले पुसाचे, मंग चहा. मले कधी पुढं बसू नाई देलं. पुढच्या सीटवर संत्र्याच्या पेट्या, मी मांघं. म्हणे, तुह्या लुगड्याचा पदर गिअरमंधी अडकते. बंद पडली तरी दर सांजेले आत जाऊन बसत. म्हटलं, एकदाची जाऊ दे आता."

बंडूजी ऐकत होते आणि मापही घेत होते. गावातली पोरं टेपचं दुसरं टोक धरायला आपसात भांडत होती. तेवढ्यात भंगारवाला धीरज आपला छोटा ट्रक घेऊन आला, गॅस कटरसकट. बंडूजी हात पसरून गाडीच्या आडवे उभे राहिले.

"कापू नका जी! मले एकदा धावताना पाहू द्या. एकच डाव!"

"काका, इंजिन नाई त्यात."

"उतार आहे ना!"

उतार होता खरा. बगीच्यातून निघालेली वाट पक्क्या रस्त्यापर्यंत खाली जात होती. धीरजने टोपी मागे सारली. "रस्त्यापर्यंत आणून द्या. अखंडच लादीन, माहा गॅस वाचीन. पण टायर पाहा, चिंध्या झाल्या."

आणि इथे लहानूला चेव चढला. डुक्कर मारायला निघालेला माणूस, हात शिवशिवत होतेच. "कुटार भरा!" तो म्हणाला. सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे भुशाची, पोती आली, टायरमध्ये ठासून ठासून भरली, वरून सुतळीनं करकचून आवळली. जाम चाकांवर बंडूजींनी डिझेल ओतलं, हातोडी घेऊन आडवे झाले आणि ठोकत सुटले. पहिलं चाक हललं तेव्हा लोकांनी सामना जिंकल्यासारखी आरोळी ठोकली. लाठ्या चाकांखाली तरफेसारख्या घातल्या गेल्या. जोर लावून डुक्कर एकदाचं वाटेवर आलं, उन्हात आलं.

"बसा बंडूजी!" लहानूने दरवाजा उघडून धरला. "तुमचा मान आहे."

बंडूजींनी आत पाहिलं. पांढरं मोठं स्टिअरिंग. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते हाताच्या अंतरावर. एक पाय आत गेलाही. मग तो पाय तिथेच थांबला.

"काय झालं जी?"

"मी आत बसलो तं मले दिसन कशी?"

बंडूजींनी पाय बाहेर काढला. काढताना केवढा जड झाला होता तो, त्यांनाच ठाऊक.

"मंग हँडल कोण धरीन?" धीरजने विचारलं.

"हटा," मागून आवाज आला. वच्छलाबाईंनी पदर कमरेला खोचला होता. "आतापरेंत मांघंच बसली मी."

"काकी, ब्रेक नाई त्याले!"

"तुह्या काकाच्या वक्ती तरी कुठी होते?" असं म्हणत त्या बसल्यासुद्धा. दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं, जसा पळणाऱ्या वासराचा कान धरावा. बंडूजी खाली वळणापर्यंत धावत सुटले, चप्पल वाटेतच राहिली. जाऊन उभे राहिले आणि ओरडले, "सोडा!"

पंधरा-वीस जणांनी रेटा दिला. गाडी हलली, कुरकुरली, आणि मग उतार लागला तशी सुटली! नाक खाली घातलं, बूड उचललं, कुटाराचा भुस्सा उडवत, खडखडत वळणावर आली, डाव्या अंगाला झुकली, पुन्हा सरळ झाली. बंडूजी मुलासारखे उड्या मारत होते. काय बोलत होते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. रस्त्याच्या सपाटीला येऊन गाडी धीरजच्या ट्रकजवळ आपोआप थांबली. माणसं आरडाओरडा करत मागून पोचली.

वच्छलाबाईंना दम लागला होता. चेहरा लालबुंद. खिडकीतून त्यांनी बंडूजींना जवळ बोलावलं. "कशी दिसली?"

"काय सांगू बाई! नाक असं खाली घातलं, मांघून अशी उचलली, वळणावर डावीकडं अशी..."

"गाडी नाई रे बावा! मी! मी कशी दिसत होती?"

बंडूजी आठवायला लागले. त्यांनी बंपर पाहिला होता, मडगार्ड पाहिलं होतं, दरवाजाची फट किती ते पाहिलं होतं. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, पण बाई डोळे लावून बसली होती.

"नाई पाह्यलं बाई," ते खाली मान घालून म्हणाले. "माहं लक्षच नव्हतं."

वच्छलाबाईंनी स्टिअरिंगवरचे हात काढले, मांडीवर ठेवले.

आता बंडूजी म्हणजे भिडस्त माणूस, गिऱ्हाइकाला उधारी मागतानाही त्यांची जीभ अडखळते. पण त्या दिवशी ते गर्रकन वळले आणि लहानूवर, धीरजवर, अख्ख्या गावावर खेकसले, "उभे काय राह्यले? मांघं न्या गाडी! वरपर्यंत न्या!"

"काका, चढ आहे तो," धीरज म्हणाला.

"मंग लाव ना तू बी हात!"

धीरजने कटर ठेवला आणि हात लावला. चढावर ढकलताना सगळ्यांचा घाम निघाला, कुटार गळलं, एक टायर अर्धा रिकामा झाला. वच्छलाबाई उतरते म्हणाल्या, पण बंडूजींनी त्यांना उतरू दिलं नाही. मग ते पुन्हा वळणावर अनवाणी जाऊन उभे राहिले.

"सोडा!"

गाडी आली. ह्या वेळी बंडूजींनी चाकांकडे पाहिलं नाही, नाकाकडे पाहिलं नाही. त्यांनी खिडकीत पाहिलं. पदर सुटून वाऱ्यावर फडफडत होता, तोंड उघडं होतं, आणि वच्छलाबाई मोठमोठ्यानं हसत होत्या. वळणाशी येताच त्यांनी स्टिअरिंगवरचा एक हात सोडून बंडूजींकडे हलवला.

"हँडल धरा काकी, हँडल!" वरून गाव ओरडलं.

"पाह्यलं का रे?" वच्छलाबाई ओरडल्या.

"पाह्यलं बाई!" बंडूजी गाडीमागे धावत सुटले. "पाह्यलं, पाह्यलं!"