आत्याबाईंसाठी उघड्या टपाची गाडी

आत्याबाईंना बंद गाडी लागायची. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. काचा लावलेल्या गाडीत बसवून त्यांना अमरावतीच्या बाहेर काढलं, की रहाटगावपर्यंत त्यांचा चेहरा उतरायचा आणि नांदगाव पेठच्या आधी गाडी बाजूला घ्यावी लागायची. लिंबू, ओवा, आल्याचा तुकडा, सगळं करून झालं होतं. डॉक्टरांच्या गोळीने उलटी थांबायची, पण मग त्या दिवसभर गुंगीत राहायच्या. एकदा तशाच गुंगीत अंगणात पडल्या. त्यानंतर त्यांनी गोळीला हात लावला नाही.

गंमत म्हणजे ट्रॅक्टरवर त्यांना काही होत नसे. ऑटोत नाही, मोटारसायकलवर तर मुळीच नाही. "वारा तोंडावर लागला का मले काही होत नाही," असं त्या म्हणायच्या, आणि ते खरं होतं. माझ्या नवऱ्यामागे मोटारसायकलवर बसून त्या थेट वरूडला, धाकट्या बहिणीकडे जाऊन यायच्या. मग खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दुचाकी बंद केली. बहिणीचे गुडघे गेलेले, तिला येता येईना. सहा वर्षं दोघी फोनवरच भेटत होत्या आणि फोनवरच भांडत होत्या.

मी कॉलेजातून निवृत्त झाले त्याच वर्षी आमची जुनी गाडीही थकली. नवऱ्याचं ठरलेलं होतं: उंच, दणकट, सात सीटची गाडी. घरात माणसं तीन, पण सीटा सात हव्यात. मी काही बोलले नव्हते, कारण मला काय हवंय ते मलाच माहीत नव्हतं.

ते कळलं अकोल्याला. मैत्रिणीच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, जठारपेठेत. जेवणाची वेळ होती, मी हातात ताट घेऊन गॅलरीत उभी होते. शेजारच्या बंगल्याच्या पोर्चबाहेर एक गडद निळी, दोन दारांची गाडी उभी होती, वर काळा कापडी टप. सत्तरीच्या एक बाई आत बसल्या होत्या. त्यांनी कसलंसं बटण दाबलं. टप मागच्या बाजूने उचलला गेला, घडीवर घडी पडली, डिकीचं झाकण वर झालं, त्या घडीला पोटात घेऊन पुन्हा बसलं. बाई होत्या तिथेच, पण आता त्यांच्या डोक्यावर आभाळ होतं.

मी ताट तिथेच ठेवलं आणि जिना उतरून फाटकाशी गेले.

"ही गाडी... वारा लागतो का हिच्यात?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

बाई हसल्या. "वाराच लागतो. विकायची आहे. घेता का?"

त्या दातांच्या डॉक्टर होत्या, आता निवृत्त. यजमानांच्या हौसेने दोघांनी ही गाडी घेतली होती. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. "आता माझे गुडघे ऐकत नाहीत. बसता येतं, उठता येत नाही," त्या म्हणाल्या. "लोक येतात, फोटो काढतात आणि विचार करून सांगतो म्हणून जातात. टप उघडणाऱ्या जुन्या गाडीला आपल्या भागात गिऱ्हाईक नाही." मागत होत्या ती किंमत आमच्या सात सीटवालीच्या निम्म्याहून कमी होती. नवी असताना या गाडीचं काय मोल असेल याची कल्पनाही मला करवेना. सीट चामड्याची, रुंद, आणि मी आत बसून टेकले तर पाठीला कुणीतरी मागून हात दिल्यासारखं वाटलं. मला उतरवेना. या वयात, एका गाडीसाठी!

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर येईपर्यंत मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा त्याने चहासाठी गाडी थांबवली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"आपल्या इथे ऊन किती पडते, तुले माहीत आहे ना? मे महिन्यात टप उघडला तर माणूस पापड होते."

"उन्हाळाभर टप लावायचा आणि एसी लावायचा. बाकीचे आठ महिने आहेतच."

"लोक हसतीन."

"हसू द्या. आत्याबाई वरूडला जातील."

त्याने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "आईले त्या बुटक्या गाडीत बसता येईन का, खुब्यानं?" ते बसवून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. पण एवढं ठरलं की आधी आमच्या मिस्त्रींना गाडी दाखवायची. हे मिस्त्री आमची जुनी गाडी चौदा वर्षं सांभाळत आलेले.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं अकोल्याला गेलो. मिस्त्रींनी बॉनेट उघडून जरा पाहिलं आणि लगेच बंद केलं. "मॅडम, अशा गाडीचं इंजन नंतर. हिचा टप पाह्यचा, आन् हिच्या पायाखालचं पाह्यचं," असं म्हणून त्यांनी घड्याळ लावून टप दहा वेळा उघडला आणि मिटवला. डिकीत डोकं घालून पंपाचं तेल गळतंय का ते बॅटरीच्या उजेडात पाहिलं. मग खाली बसून पायाखालच्या गालिच्यात बोटं घातली, ती नाकाशी नेली आणि म्हणाले, "पानी आहे."

डॉक्टरबाईंचा चेहरा पडला. "पाणी? गाडी तर कायम पोर्चमध्ये असते."

मिस्त्रींनी वर बोट केलं. पोर्चला लागून कडुनिंब होता, आणि गाडीचा मागचा भाग रोज त्याच्याखाली बाहेर राहत असणार. टपाच्या कडेने पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात, त्या निंबाच्या पाल्याने बुजल्या होत्या. मिस्त्रींनी पडद्याची जुनी स्प्रिंग मागितली. ती नळीत घालून फिरवली, तसा काळा कुजलेला पाला मुठीमुठीने बाहेर आला. मग त्यांनी आम्हा दोघींना आत बसवलं, टप लावला, काचा चढवल्या आणि नवऱ्याच्या हाती पाण्याची नळी दिली.

वर धबधबा कोसळत होता. आत मी आणि डॉक्टरबाई मान वर करून कापडाच्या शिवणी न्याहाळत होतो. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच. एक थेंब नाही. बाईंनी माझा हात धरला होता, तो सोडायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. आम्ही दोघी शाळेतल्या पोरींसारख्या हसत सुटलो.

मिस्त्रींचा निकाल स्पष्ट होता: गाडी चांगली आहे, खराब रस्त्यावर अंग थोडं कुरकुरेल, ते पक्कं छप्पर नसलेल्या गाडीचं जन्माचंच असतं. गालिचा काढून उन्हात वाळवायचा. टायर दिसायला नवे, पण त्यांच्या कडेवर छापलेलं साल पाहिलं तर जुने. रबर कडक झालंय, चारही बदला. डॉक्टरबाईंनी टायरांचे पैसे किमतीतून लगेच कमी केले.

राहिला खुबा. आत्याबाईंना अकोल्याला आणायचं कशात? बाई म्हणाल्या, "मीच आणते गाडी अमरावतीला. हायवेवर एकदा शेवटची चालवून घेते."

रविवारी सकाळी आठला त्या आमच्या फाटकात हजर. आत्याबाई ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी गाडी नीट पाहिली. "मागचं अर्धं कुठी ठेवून आल्या?"

बाईंनी बटण दाबलं. टप उठला, घडी झाला, डिकीत गेला. आत्याबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "माय वो! डोक्सं उघडलं तिनं!"

बसवताना मात्र माझा जीव मुठीत होता. दार लांबच लांब, सीट मागे सरकवलेली. आत्याबाई सीटकडे पाठ करून उभ्या राहिल्या, एक हात दारावर, एक माझ्या खांद्यावर, आणि सरळ खाली बसल्या. बंद गाडीत त्यांना मान, कंबर, खुबा सगळं एकदम वाकवावं लागे. इथे डोक्यावर काहीच नव्हतं, म्हणून वाकायचंही काही नव्हतं. पाय आत घेतले आणि झालं. बाईंनी बटणाने सीट वर उचलली, तशा त्या खुदकन हसल्या.

आम्ही मोझरीच्या रस्त्याला लागलो. बाई चालवत होत्या, पुढे आत्याबाई, आणि मागच्या नावापुरत्या सीटवर मी, गुडघे हनुवटीला लावून, हातात प्लास्टिकची पिशवी तयार ठेवून. रहाटगाव गेलं. नांदगाव पेठ आलं. आत्याबाई बोलत नव्हत्या. पदर उडत होता, मान सीटला टेकलेली. मला वाटलं, झालं.

"आत्याबाई, थांबवायची का?" मी ओरडून विचारलं.

"काहून? कोणाले काय झालं?"

त्यांनी मान वळवली तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला. गाल लाल झाले होते. डोळ्यांत वाऱ्याने पाणी आलं होतं, की आणखी कशाने, ते मी विचारलं नाही.

मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात उतरताना जरा खटपट झाली. पहिल्या प्रयत्नात उठता आलं नाही. मग बाईंनी आपली युक्ती सांगितली: आधी सीट पूर्ण वर, मग दोन्ही पाय बाहेर, आणि मगच जोर लावायचा. दुसऱ्या वेळेला जमलं. समाधीचं दर्शन घेऊन आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "भूक लागली." प्रवासात निघालेल्या माझ्या सासूच्या तोंडून हा शब्द मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकत होते. त्यांनी दोन प्लेट पोहे खाल्ले, वर तर्री मागून घेतली.

घरी आल्यावर नवऱ्याने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता मी काय बोलू?" तो उठला आणि सात सीटवालीचं बुकिंग रद्द करायला फोन लावला. बुकिंग केलेलं होतं हे मला तेव्हा कळलं!

कागदपत्रं नावावर झाली, टायर बदलले, आणि दिवाळीनंतरच्या एका सकाळी आम्ही वरूडला निघालो. गाडी मी चालवत होते. आत्याबाई पुढे, मफलर बांधून. नवरा मागे, आडवा बसलेला, कारण सरळ बसण्याची सोयच नव्हती. मोर्शीपर्यंत सगळं झकास. मोर्शीच्या पुढे एका जुन्या ट्रकमागे अडकलो. काळा धूर सरळ आमच्या अंगावर. मला गाडी बाजूला उभी करून टप लावावा लागला. टप लावून निघालो आणि पाचच मिनिटांत आत्याबाईंच्या कपाळावर घाम दिसायला लागला.

"उघड वो ते," त्या बारीक आवाजात म्हणाल्या.

समोर ट्रक, त्याच्यापुढे संत्र्यांची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर. मी हॉर्न वाजवला, खालचा गिअर टाकला. गाडीने मागून कुणी ढकलावं तशी उडी घेतली आणि आम्ही दोघांच्याही पुढे गेलो. अशी ताकद तिच्यात आहे हे मला ठाऊकच नव्हतं. अर्धा किलोमीटर पुढे जाऊन थांबले, टप उघडला. आत्याबाईंनी तीन-चार लांब श्वास घेतले. "चाल आता," त्या म्हणाल्या. "तो मागून येऊन राहिला."

वरूडला आत्याबाईंची बहीण, म्हणजे नवऱ्याची मावशी, आपल्या बागेच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसली होती. बाजूला संत्र्यांचे ढीग, बायका फळं निवडत होत्या, पेट्या भरत होत्या. गाडी आत शिरली तशा सगळ्यांच्या माना वळल्या. मावशी काठी टेकत उठली.

"सा वर्षं लावले यायले, अन् आली तं बिनाछपराच्या गाडीत!"

"छप्पर आहे तिले. मी काढून ठेवलं," आत्याबाई म्हणाल्या.

मावशी गाडीच्या दारावर हात ठेवून उभी राहिली, आत्याबाईंनी बसल्या बसल्या तो हात धरला. निवडणाऱ्या बायकांनी हातातली कामं थांबवली. मी आणि नवरा उगाच संत्र्यांकडे पाहत राहिलो.

आम्ही तीन दिवस राहिलो. त्या तीन दिवसांत मी मावशीला गाडीतून निदान आठ वेळा बागेभोवती फिरवून आणलं.

निघताना मावशीने संत्र्यांच्या चार पेट्या काढून ठेवल्या. टप उघडा ठेवला तर तो डिकीत घडी होऊन बसतो आणि पेटीला जागा उरत नाही. टप लावला तर आत्याबाईंचं काय? मी हिशेब जुळवत उभी होते, तेवढ्यात नवऱ्याने आपली बॅग खांद्याला लावली.

"पेट्या माझ्या जागेवर ठेव," तो म्हणाला. "मी एसटीनं येतो. पाय तरी लांब करता येतीन."

त्या संध्याकाळी तो आमच्या आधी घरी पोचला होता. मी आणि आत्याबाई वाटेत मोर्शीला कचोरी खायला थांबलो होतो.