रोथरमेलच्या कोठारातली कापलेली तुळई

लामार रोथरमेल कुणाच्याही कोठारात शिरला की आधी टोपी काढायचा, मग मान वर करून छपराकडे बघायचा आणि मग ठरलेला प्रश्न टाकायचा, "ही तुळई कुठल्या गाढवानं कापली?"

बर्क्स काउंटीत हा प्रश्न सहसा वाया जात नसे. पणजा-खापरपणजांनी ओकच्या तासलेल्या तुळया लाकडी खुंट्यांनी एकमेकींत अडकवून ही कोठारं उभी केली. खाली गुरं, वर खळं, खळ्याच्या दोन्ही अंगांना गवत. पुढे गवताचे गठ्ठे वर चढवणारी यंत्रं आली आणि त्यांच्या वाटेत पुढची-मागची भिंत बांधून धरणारी आडवी तुळई येऊ लागली. मग घरोघरच्या तरण्या पोरांनी करवती काढल्या. तुळई कापली म्हणून कोठार काही दुसऱ्या दिवशी पडत नाही, आणि तिथेच माणूस फसतो. छपराच्या भारानं पुढची आणि मागची भिंत वर्षाला केसभर लांब सरकत राहते. भिंतीला पोट सुटलेलं दिसतं तोवर कापणारा म्हातारा झालेला असतो आणि आजोबांच्या नावानं बोटं मोडत असतो.

अशी कोठारं सावरणं हा लामारचा चाळीस वर्षांचा धंदा. भिंती साखळीनं ओढून जागेवर आणायच्या, कुजलेला खांब बदलायचा, नवं कुसू तासून जुन्या खाचेत बसवायचं. हाताला गुण होता, तोंडाला मात्र लगाम नव्हता. स्टेला डेंगलर नावाच्या विधवेला त्यानं हा गाढवाचा प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली, "माझ्या नवऱ्यानं. चर्चच्या मागे, तिसऱ्या रांगेत झोपलाय. जा, त्यालाच विचार." लामारनं टोपी परत घातली, कोठार दुरुस्त केलं, आणि काम संपेपर्यंत रोज दुपारी तिच्याकडचं हॅम आणि घेवड्याच्या शेंगा निमूट खाल्ल्या.

त्याच्या स्वतःच्या कोठारात मात्र कुणाला प्रवेश नव्हता. कुणी म्हणालं, "तुझं दाखव की एकदा," तर तो म्हणे, "गवत भरलंय." वीस वर्षांत त्या कोठारात गवताची काडी आली नव्हती. बायकोला, नाओमीला, त्यानं सांगून ठेवलं होतं की आतली तुळई आजोबांनी कापली.

आजोबा बिचारे उगीच बदनाम झाले. कापली होती ती लामारनंच. एकसष्ट सालचा जून होता, तो एकोणीस वर्षांचा होता. पॅप, म्हणजे त्याचे वडील अर्विन, दाढ काढायला रेडिंगला गेले होते. आभाळ भरून आलं होतं, गवत शेतात पडलं होतं, आणि शेजाऱ्याकडून मागून आणलेलं यंत्र तुळईला अडत होतं. लामारनं दोन ठिकाणी करवत चालवली आणि मधला पुरुषभर लांबीचा तुकडा दोरानं खाली सोडला. पाऊस येईतो गवत आत गेलं. मोठा पराक्रम केला असं त्याला वाटत होतं. पॅप आले, तोंडात कापसाचा बोळा होता. त्यांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं, आणि धारा काढायला खाली निघून गेले.

पुढे बावीस वर्षं ते जगले, पण त्या तुळईबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. चार शिव्या हासडल्या असत्या तर पोरगा सुटला असता. बदल झाला तो एकच. कोठारात ओटचं धान्य साठवायची लाकडी कोठी होती. नवं पीक यायच्या आधी, जुलैत, ती रिकामी करून झाडायची असे आणि ते काम लामारचं होतं. त्या वर्षी पॅपनी त्याच्या हातातून झाडू घेतला. "कोठी मी झाडीन," ते म्हणाले. पुढे दरसाल तेच. दार आतून लावून घेत आणि अर्ध्या दिवसानं बाहेर येत. लामारनं त्याचा अर्थ लावला तो असा, की आपल्यावर आता झाडूपुरताही भरवसा उरलेला नाही. तो कापलेला तुकडा पॅपनी त्या हिवाळ्यात चुलीत घातला असणार, असंही त्यानं मनाशी धरून टाकलं.

तो कोठारं सावरायला लागला तो लाकडाच्या प्रेमानं, असं लोक म्हणत. प्रेम होतंच. पण घरची तुळई बघवत नव्हती म्हणून माणूस गावभरच्या तुळया जोडत हिंडला, हेही तितकंच खरं. पॅप गेल्यावर ओट पेरणं थांबलं, कोठी अडगळीनं भरली, आणि लामारनं तिच्या दाराला खिळे ठोकले.

दोन हजार एकोणीसच्या मार्चमध्ये वारा असा सुटला की कोठाराची पुढची भिंत वीतभर बाहेर आली. विमा कंपनीचं पत्र आलं, हिवाळ्याआधी दुरुस्त करा नाहीतर पाडा. पाठोपाठ जुन्या फळ्यांचा व्यापारी आला. त्याला त्या फळ्या कुठल्याशा हॉटेलच्या भिंतींना लावायच्या होत्या. लामार त्याला म्हणाला, "घेऊन जा सगळं."

नाओमीनं ते ओट्याशी उभं राहून ऐकलं. व्यापाऱ्याला कॉफी दिली, वाटेला लावलं, आणि सरळ क्लेटन हेकला फोन केला. क्लेटन अठरा वर्षं लामारच्या हाताखाली काम करत होता आणि या कोठाराची त्यानं फक्त बाहेरची बाजू पाहिली होती.

"क्लेटनला कशाला बोलावलंस?" लामार म्हणाला.

"तू जगाची कोठारं वाचवतोस आणि स्वतःचं हॉटेलाला विकतोस. तुझ्या डोक्याची भिंत कुठवर सरकलीय ते त्याला बघू दे."

क्लेटन आला. लामार दारातच थांबला. क्लेटन खळ्याच्या मधोमध गेला, टोपी काढली, वर बघितलं आणि सवयीनं, हसत म्हणाला, "काय रे लामार, ही तुळई कुठल्या गाढवानं कापली?"

"तो दारात उभा आहे," लामार म्हणाला.

मागून नाओमी आली होती, तिनंही ऐकलं. क्लेटननं टोपी परत घातली. तुळईची कापलेली टोकं पुन्हा एकदा नीट न्याहाळली आणि म्हणाला, "करवतीला धार बाकी चांगली होती."

"त्रेपन्न वर्षं," नाओमी म्हणाली, "त्रेपन्न वर्षं मी तुझ्या आजोबांना मूर्ख समजत आले. कबरीवर फुलं ठेवतानासुद्धा." पण असं म्हणताना तिनं त्याच्या कोटाची बाही धरली होती, आणि ती सोडली नाही.

व्यापाऱ्याला नकार कळवला. मधल्या तुकड्यासाठी तितकं जाड, तितकं वाळलेलं ओक मिळेना. तोवर छप्पर पेलायला जॅक लावायचा होता, आणि त्याची जागा नेमकी ओटच्या कोठीत येत होती. लामारनं स्वतःच ठोकलेले खिळे उपटले. अडगळ बाहेर काढली. कोठीचा तळ खळ्याच्या जमिनीपासून हातभर उंच होता. जॅक पक्क्या जमिनीवर बसावा म्हणून क्लेटननं तळाच्या फळ्या उचकटल्या.

"लामार," तो आतून म्हणाला, "इकडे ये जरा."

फळ्यांखाली तुळईचा तो तुकडा होता. खालून हवा खेळावी म्हणून पट्ट्यांवर आडवा ठेवलेला. एकट्या माणसानं तो तिथवर कसा सरकवला असेल कोण जाणे. दोन्ही टोकांना कोठाराचा तांबडा रंग लावला होता. कापलेलं टोक उघडं राहिलं तर लाकूड तडकतं, म्हणून सुतार त्याला रंग देतो. आणि देतो तो फक्त अशाच लाकडाला, जे त्याला पुन्हा वापरायचं असतं. हे दोघांनाही एकमेकांना सांगावं लागलं नाही.

क्लेटननं चाकूनं रंग थोडा खरवडला. तांबड्याखाली पुन्हा तांबडा निघाला. त्याच्याखाली आणखी एक, फिकट पडलेला. "हा एका वर्षाचा रंग नव्हे," तो म्हणाला.

एका टोकावर, सगळ्यात वरच्या रंगावर, पॅपच्या किरट्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं: घराकडचं टोक.

लामार कोठीच्या उंबऱ्यावर बसला. जुलैत कोठी झाडून बाहेर आलेल्या पॅपच्या अंगठ्याला कधीकधी तांबडा रंग असायचा, हे त्याला आत्ता आठवलं. दार रंगवलं असेल असं तो तेव्हा समजला होता. दार कधीच रंगवलेलं नव्हतं.

"मग बोलला का नाही तो माणूस?" नाओमी म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. "बावीस वर्षं रंग लावायला जमलं, एक वाक्य बोलायला जमलं नाही?"

"मी तरी कुठे विचारलं," लामार म्हणाला.

सहा आठवडे रोज थोडी थोडी साखळी आवळून भिंती जवळ आणल्या. पॅपनी लिहिलं होतं तसं, ते टोक घराकडे करून तुकडा वर चढवला. दोन बोटं फट राहिली, तिच्यात ओकची पाचर बसली आणि दोन्ही बाजूंनी फळ्या बोल्टांनी आवळल्या. शेवटचा बोल्ट लामारनं आवळला. नाओमीनं खालून शिडी धरली होती आणि तो उतरेपर्यंत ती त्याला शिव्या देत होती.

पुढच्या वसंतात त्याला एका माणसानं कोठार बघायला बोलावलं. लामारची ख्याती ऐकून तो माणूस आधीच ओशाळला होता. लामारनं टोपी काढली, वर बघितलं. तुळई कापलेली होती.

"विचार, विचार," तो माणूस म्हणाला. "तो गाढव मीच."

"ते राहू दे," लामार म्हणाला. "मधला तुकडा कुठे आहे?"

"त्याला तीस वर्षं झाली. गेला असेल जळणात."

"तेव्हा घरात म्हातारं माणूस होतं?"

"वडील होते."

"मग आधी शोधू," लामार म्हणाला, आणि ओटची कोठी कुठे आहे ते त्यानं विचारलं.