नळावरचा शेवटचा नंबर

आमच्या सोसायटीत जातपात पाळत नसत. हे मला लहानपणापासून पक्कं ठाऊक होतं, कारण आम्हाला ते सारखं सांगितलं जायचं. नाशिकच्या सातपूरकडच्या अंगाला कारकून आणि शिक्षक मंडळींनी मिळून बांधलेली बैठी घरं होती ती. आमच्या गल्लीत बौद्धांची घरं दोन. एक आमचं, एक शेजारच्या मास्तरांचं. आमच्या दर्शनी भिंतीवरचा फोटो पाहिला की आलेल्या बायकांना हटकून उपास असायचा. चहा नको, पाणीसुद्धा नको. इतके धार्मिक शेजारी मला पुढे आयुष्यात भेटले नाहीत.

मी आठवीत असताना, ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात, गल्लीत कावीळ शिरली. आधी कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून पिवळी पडली, मग तिचा दीर, मग समोरची दोन मुलं. कुणी गळ्यात काविळीची माळ घातली, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी सगळ्यांना दाखवलं. आजार काही हटेना. तेव्हा सोसायटीच्या अध्यक्षांनी आरोग्य समिती काढली. अध्यक्ष आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले. तिथे ते गाड्यांच्या डिझेलचा हिशेब बघत. पण खात्यात राहिल्यामुळे रोगांशी आपली जानपछान आहे, असं त्यांचं मत होतं.

समितीने पहिल्यांदा बर्फाच्या गोळेवाल्याला हाकललं. मग रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या पावडरीच्या इतक्या सरळ रेघा मारल्या, की मंत्रीच येणार आहेत असं वाटावं. गटारात मात्र चिमूटही पडली नाही. गटार पाहायला कोण येणार?

तरी माणसं पिवळी पडतच राहिली. मग एका संध्याकाळी अध्यक्ष आमच्या फाटकाशी आले. आत नाही, फाटकाशीच.

"गैरसमज नसावा हं," ते वडिलांना म्हणाले. "आपण तसलं काही मानत नाही. पण नळावर गर्दी होते, भांड्याला भांडं लागतं. शास्त्रीय दृष्टीने विचार केला तर तुमच्या दोन घरांनी सगळ्यांचं झाल्यावर पाणी भरावं."

"आमच्यात तर कुणी आजारी नाही," वडील म्हणाले.

"तेच ना! ती काळजी घ्यायला नको का?"

कचेरीत साहेबापुढे ताठ उभे राहणारे वडील इथे फाटकाची कडी नुसती उघडझाप करत राहिले. आई येवल्याकडच्या खेड्यातली. ती दारातूनच म्हणाली, "जंतू लय शिकलेले दिसतात. आडनाव वाचून चावत्यात."

अध्यक्ष हसले. त्यांना तो विनोद वाटला.

सगळ्या गल्लीला नळ एकच, अध्यक्षांच्या घरासमोर. पाणी सकाळी तासभर यायचं. नळ सूं सूं करायला लागला की पहिला हंडा अध्यक्षीणबाईंचा, मग मानाप्रमाणे रांग, आणि धार करंगळीएवढी झाली की आम्ही. मला शाळेला उशीर व्हायचा. मी चिडले की आई म्हणायची, "भर गुमान. पाण्याला राग कळत नाय." पण रिकामा हंडा ती असा आपटायची, की तिचा राग अख्ख्या गल्लीला कळावा.

दोन-अडीच महिने असे गेले. पहिल्या रांगेतलं एकही घर काविळीतून सुटलं नाही. खुद्द अध्यक्ष हळदीच्या नवरदेवासारखे दिसू लागले. आमच्या दोन घरांत कुणाला साधी मळमळ नाही. मग कुजबुज फिरली. 'यांनाच कसं काही होत नाही?' आधी आम्ही रोग पसरवणारे होतो, आता रोग होत नाही म्हणून संशयित झालो. सरळ आजारी पडून टाकावं, म्हणजे लोकांचं समाधान होईल, असं मला वाटू लागलं होतं.

शेवटी पालिकेचा एक तरुण इंजिनिअर आला. त्याने पावडरीच्या रेघा ओलांडल्या आणि थेट गटारात वाकून पाहिलं. सोसायटीच्या ठेकेदाराने खोदाई वाचवायला नळाची पाइपलाइन गटारातूनच नेली होती, आणि ती सांध्यात फुटली होती. तो नळाशी जमलेल्यांना समजावू लागला, "पाणी बंद असतं तेव्हा पाइपात गटाराची घाण शिरते. नळ सुरू झाला की तीच आधी बाहेर येते. नंतरचं पाणी त्यातल्या त्यात बरं." मग त्याने अगदी साध्या मनाने विचारलं, "पहिलं पाणी कोण भरतं?"

अध्यक्षीणबाईंनी पदर सावरला. आईने मात्र लगेच सांगितलं, "मानाची माणसं भरतात, साहेब."

आम्ही वाचलो यात नशीबही असेल, पण मला त्या क्षणी कुणीतरी आतून गुदगुल्या केल्यासारखं झालं. घरी येऊन मी इतकी हसले की पोट दुखायला लागलं. वडील हसले नाहीत. "आपल्याला वाचवायला म्हणून मागे ठेवलं होतं का?" एवढंच म्हणाले. माझं हसू तिथेच थांबलं.

पाइप बदलायला काही दिवस लागणार होते. दुसऱ्याच सकाळी अध्यक्ष पिवळ्या डोळ्यांनी फाटकाशी हजर. "आजपासून तुमची दोन घरं पहिल्यांदा भरतील. समितीचा ठराव आहे. समता म्हणजे समता!"

"नको," आई म्हणाली. "आमाला शेवटच्या नंबराची सवय झालीये. आन् पाणी उकळून प्या म्हनावं समितीला."

मग सगळ्या गल्लीला एकाएकी शेवटचा नंबर हवासा झाला. सकाळी हंडे घेऊन सगळे नळाशी उभे, आणि पुढे कुणीच होईना. "तुम्ही आधी", "छे छे, तुम्ही व्हा पुढे." असं सौजन्य नाशिकात क्वचितच दिसलं असेल. पहिलं पाणी तसंच गटारात वाहून जायचं आणि मगच हंडे पुढे सरकायचे. ठरावाने जे साधलं नव्हतं ते भीतीने साधलं.

पाइप बदलला, कावीळ ओसरली. गणेशोत्सवात रोग आटोक्यात आणल्याबद्दल अध्यक्षांना शाल-नारळ मिळाला. वडील गेले नाहीत. आई गेली, मलाही नेलं, आणि पहिल्या ओळीतल्या खुर्चीवर जाऊन बसली. बाजूच्या बाई जरा सरकल्या. आईने त्यांना विचारलं, "आज बी उपास का?"