एकशेदहावर ठेवलेला खटका

भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या नोकरीसाठी मी दवनीवाडा सोडलं त्या सकाळी माय शिदोरी बांधत होती आणि बाबूजी तेच तेच तिसऱ्यांदा सांगत होते, "भिलाईत कोणाच्या भानगडीत पडू नोको. ड्यूटी कर, चिठ्ठी लिव." धाकटा भाऊ हेमराज माझी लोखंडी पेटी सायकलच्या कॅरिअरला दोरीने आवळत होता. गोंदियाच्या स्टेशनापर्यंत तोच मला सोडायला आला. सगळ्या वाटेने एकच वाक्य माझ्या तोंडात होतं आणि ते मी गिळत होतो: हेमराज, रेकॉर्ड प्लेयरचा खटका मी फिरवलाय, तो जागेवर घे. गाडी आली, मी चढलो. तो खिडकीशी येऊन म्हणाला, "दादा, दिवाळीले येजो." मी हात हलवला.

याला पन्नास वर्षं झाली. गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखेच भिलाई, रायपूर, नागपूरकडे गेलेल्यांसाठी हे लिहितो आहे, कारण तुमच्यातल्या बहुतेकांना माझा भाऊ 'जळक्या' म्हणूनच ठाऊक आहे.

बाबूजींकडे लग्नकार्यात वाजवायचा सेट होता: भोंगा, अॅम्प्लिफायर आणि कुणाकडून तरी जुना घेतलेला रेकॉर्ड प्लेयर. तो उघडायला आम्हाला सक्त मनाई. पण गावातली धानगिरणी सुरू असली की व्होल्टेज पडायचं, प्लेयरची तबकडी रेंगाळायची आणि गाणं रडक्या आवाजात ओढलं जायचं. प्लेयरच्या बुडाशी दोनशेवीस आणि एकशेदहा व्होल्ट असा खटका होता. निघायच्या आदल्या दुपारी बाबूजी शेतावर गेलेले पाहून मी तो एकशेदहावर नेला. कमी व्होल्टेजमध्येही तबकडी सरळ फिरू लागली. मी स्वतःवर खूश झालो. सांजेला गिरणी बंद झाली की पूर्ण व्होल्टेज येतं आणि मग एकशेदहावरची मोटर टिकणार नाही, हे मला माहीत होतं. विसरलो म्हणावं तर तसंही नाही. आठवलं, पण तोवर बाबूजी घरी आले होते, आणि त्यांच्यासमोर त्या प्लेयरला हात लावायची माझी छाती झाली नाही.

मी निघाल्यापासून पाचव्या दिवशी गावात लग्न होतं, सांजेच्या मुहूर्ताचं. सेट हेमराजने लावला. वरात मांडवाच्या तोंडाशी आली, गिरणी नुकतीच थांबली होती. त्याने प्लेयर चालू केला आणि आतून धूर निघाला. बाबूजींनी दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. "याच्या हाती मशीन देऊ नोका कोणी!" मायने मास्तरांकडून लिहवून घेतलेल्या चिठ्ठीत हे सगळं होतं. मी ती क्वार्टरमध्ये उभ्यानेच वाचली, आणि उत्तरात सर्वांची तब्येत विचारली.

मशीनचा नाद हेमराजला माझ्यापेक्षा जास्त होता. त्यानंतर मात्र त्याचं नाव 'जळक्या' पडलं आणि गावात कोणी त्याला मोटरपंपाचं बटण दाबू दिलं नाही. ट्रॅक्टरवर बसला तर लोक हसून खाली उतरवायचे. इकडे मी कारखान्यात हेल्परचा फिटर झालो. साहेब लोक माझ्या हाताची तारीफ करायचे. माझी बोली निम्मी हिंदी झाली, मुलं मला पापा म्हणू लागली. सुट्टीत गावी आलो की 'जळक्या' हा शब्द कानावर पडायचा आणि मी कपातल्या चहाकडे पाहत बसायचो.

रिटायर झाल्यावर गोंदियाजवळ कुडव्याला घर केलं. गेल्या हिवाळ्यात गोंदियात एका कबाड्याकडे भंगारात जुना प्लेयर दिसला, आमच्याकडे होता तसलाच. कबाडी म्हणाला, "चालू कंडीशन है, अंकल." चालू नव्हता. तरी मी तो ऑटोत घातला, वाटेत घरून अवजारं घेतली आणि तो हेमराजच्या घरी नेला. धान निघालं होतं. तो घरापुढच्या छपरीत एकटाच बसला होता.

"हे कायले आणलंस गा दादा?"

"दुरुस्त करून पाहतो."

"काऊन? कुडव्यात करंट नाई का?"

मी अवजारं काढली. तबकडी बोटाने फिरवली. दीड फेरीत अडली. उचलून पाहिलं तर खालच्या दांड्यावर ग्रीसचा गोंद झालेला. पेट्रोलच्या चिंधीने तो पुसला, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. तबकडीला फिरवणारं रबरी चाक कडक होऊन चकाकत होतं; त्यावरून पॉलिश पेपर हलका फिरवला. सुई भिंगाखाली धरली. एका बाजूने झिजलेली, पण तपासून बघण्यापुरती ठीक. हेमराज हात काखेत घालून, चार हात लांब बसून सगळं बघत होता. मी स्क्रू काढायला पेचकस मागितला तर त्याने तो पायाने माझ्याकडे सरकवला.

शेजारचा फागूजी कुंपणावरून ओरडला, "अगा भाऊ, जळक्याले अजून दूर बसव, नाई त छपरी पेटंल!"

हेमराजही हसला. पन्नास वर्षं तो असाच हसत आला असणार.

मी प्लेयर उलटा केला. खटका एकशेदहावर होता. कुणी आणि कधी ठेवला, कोण जाणे. फागूजी अजून कुंपणाशीच होता. मी म्हटलं, "हेमराज, इकडे ये. हे पाहून घे." आणि त्या दुपारची सगळी हकीकत सांगितली.

मग हेमराजने विचारलं, "सांजेले गिरणी बंद होते, मालूम होतं ना तुले?"

"हो."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"बाबूजींची भीती वाटली."

"बाबूजी मरून तीस वरीस झाले. मंग कोणाले भिऊन राहिला होतास?"

मी माफी मागू लागलो तर त्याने हात वर केला. "मले सांगून का फायदा? म्या नाई जाळलं, हे मले मालूमच होतं. ज्यायले मालूम नाई त्यायले सांग. मंडईले समदे येतेत. माइकवर सांग."

मी खटका दोनशेवीसवर नेला, प्लग लावला. तबकडी न अडता फिरली. हेमराज तिच्याकडे पाहायलाही थांबला नाही.

मंडई ही आमच्याकडची गावजत्रा दिवाळीनंतर भरते, बाहेरगावी गेलेले त्या दिवशी हटकून येतात. मधले महिने मला फार जड गेले. यंदा दंडारीचा, म्हणजे आमच्या लोकनाट्याचा, खेळ सुरू होण्याआधी मी माइक मागितला. पहिल्यांदा बोललो तेव्हा आवाज फुटला नाही. गर्दीतून कोणी ओरडलं, "जोरानं बोल ना गा, आयकू नाई येऊन राहिलं!" तेव्हा सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं. हेमराज मुरमुऱ्याच्या दुकानाशी माझ्याकडे पाठ करून उभा होता. मी खाली उतरलो तेव्हा तो घराकडे चालू लागला होता. मी मागे गेलो.

भिलाईत कोणी "घर कहाँ है?" विचारलं की मी दवनीवाडा म्हणायचो आणि लगेच विषय बदलायचो. आपलं नाव चांगलं राहावं म्हणून जिथे भावाला 'जळक्या' राहू दिलं, त्या जागेला घर म्हणायची मला लाज वाटायची. यंदाच्या मंडईला जे नव्हते त्यांच्यासाठी हे लिहिलं: प्लेयर मी जाळला. हेमराजने नाही.

मंडईच्या त्या दिवशी हेमराज आपल्या दारात थांबला. आत ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. आतल्या भिंतीवरच्या बाबूजींच्या फोटोकडे बोट करून म्हणाला, "त्यायलेबी सांग." चपला काढून मी आत गेलो. त्र्याहत्तराव्या वर्षी मी फोटोसमोर उभा राहून सांगितलं, आणि मागे उभ्या हेमराजने ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं.