फ्रीज आहे का?

मधुमेही मुलांच्या बाह्यरुग्ण विभागात मी दर गुरुवारी प्रश्नावली भरायला बसतो. वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यानंतरचं हे बिनपगारी काम. मुलाची साखर फक्त इन्सुलिनवर ठरत नाही. घर, जेवण, शाळा, एसटी यांवरही ठरते, म्हणून ही प्रश्नावली. कल्पना चांगली आहे. टॅबवर प्रश्न येतो, खाली दोन चौकोन: हो आणि नाही. एकावर बोट ठेवल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नाही.

प्रश्न मोठ्यानं विचारावे लागतात आणि मागच्या बाकांवर इतर मुलांच्या आया बसलेल्या असतात. 'घरात कधी जेवण कमी पडतं का?' याला मला आजवर एकही 'हो' मिळालेला नाही. एका बाईनं उलट विचारलं, "तुमच्या घरी पडतं का?" मागं सगळ्या हसल्या.

एप्रिलमध्ये सिल्लोडकडच्या एका खेड्यातून नऊ वर्षांची मुलगी आईबरोबर आली. दोघी पहाटेच्या गाडीनं निघालेल्या. मी प्रश्न वाचत गेलो.

"फ्रीज आहे का?"

"हाय की."

मी 'हो'वर बोट ठेवलं.

मुलीची साखर चारशेच्या वर होती. मागच्या महिन्यातही तेवढीच. डॉक्टर तरुण होत्या, दमलेल्या होत्या. त्यांनी टॅबवरची माझी उत्तरं पाहिली. फ्रीज आहे, जेवण आहे, सगळं आहे.

"आई, तुम्ही सुया चुकवता."

"एक बी चुकली नाय, म्याडम. लेकराची शप्पथ."

"मग साखर वर कशी?"

डॉक्टरांनी वाढवलेला डोस लिहायला घेतला आणि नवी बाटली काढायला सांगितली. मी शेजारीच होतो. बातमीत एखादी गोष्ट जुळली नाही, की मी बातमीदाराला एक साधा प्रश्न विचारायचो. तो इथं मुलीला विचारला.

"फ्रीजमध्ये आणखी काय असतं गं?"

"माझं दप्तर. पुस्तकं. आईची चांगली साडी," ती म्हणाली. "उंदरं कुरतडत नाय तिथं."

डॉक्टरांचा पेन थांबला.

"फ्रीज बंद आहे?"

"व्हय," आई म्हणाली. "दोन वर्षं झाले. कॉम्प्रेसर गेला."

"मघाशी का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला.

"तुमी हाय का इचारलं. हाय म्हनलं. चालू हाय का, हे कुठं इचारलं?" मग मागच्या बाकांकडं बघून हळूच म्हणाली, "चार बायांत कसं सांगावं, सर?"

पत्र्याच्या खोलीतल्या त्या बंद फ्रीजमध्ये इन्सुलिन उकाड्यानं निकामी होत होतं. पोर रोज दोनदा टोचून घेत होती. नव्या, चांगल्या बाटलीतून वाढवलेला डोस गेला असता, तर तिची साखर एकदम धोक्याइतकी खाली उतरली असती, आणि रुग्णालय तीन तासांवर. डॉक्टरांनी कागद फाडला. जुनाच डोस लिहिला आणि इन्सुलिन गार ठेवायला दोन मडकी कशी बसवायची ते समजावलं: मोठ्यात लहान, मधे ओली वाळू, बाटली लहान मडक्यात डबीत घालून.

ही प्रश्नावली चालवणाऱ्या संस्थेच्या समन्वयकाला मी फोन केला. "प्रश्नात 'चालू' हा एक शब्द घाला. आणि प्रश्न विचारायला आडोसा द्या."

"सर, प्रश्नावली मंजूर झालीय. आता बदल नाही."

"एक शब्द आहे."

"तेच म्हणतोय सर. एक शब्द बदलला तरी पुन्हा मंजुरी लागते."

तीस वर्षं मी इतरांच्या वाक्यातले शब्द बदलत आलो. इथं माझं काही चालेना.

पुढच्या महिन्यात दोघी परत आल्या. साखर दोनशेच्या खाली उतरली होती. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडण्याचं काम मुलीनं स्वतःकडं घेतलं होतं. बाक तेच होते, टॅब तोच. खुर्ची ओढून मी आईच्या जवळ सरकलो आणि हळू आवाजात सगळे प्रश्न विचारले. फ्रीजचा प्रश्न आला तेव्हा न विचारताच 'नाही'वर बोट ठेवलं. आईचं माझ्या बोटाकडं लक्ष होतं.

"ओ सर," ती मोठ्यानं म्हणाली. सगळ्या बायांनी माना वर केल्या. "नाय काहून दाबलं? माह्या बापानं दिलेला फ्रीज हाय!"

"बंद आहे ना पण."

"बंद आसंल. पण हाय का नाय?"