‘वाढव’ नावाची स्क्रिप्ट

कळंबच्या सावळारामआण्णांच्या किराणा दुकानात ‘बंद’ हा शब्द चालत नसे. संध्याकाळी फळ्या लावायची वेळ झाली की ते लेकीला म्हणत, “आरते, दुकान वाढव.” बंद होतं ते कायमचं, असं त्यांचं म्हणणं.

२००९ साली आरती मंचरच्या एका ऑफिसात लागली आणि हा शब्दही तिच्याबरोबर गेला. तिथं उपग्रहाच्या फोटोंवरून नकाशे करत. त्यासाठीच्या मशिनी कुठं परदेशात, इंटरनेटवरून तासाच्या भाड्यानं घेतलेल्या. माणसं खुशाल घरी जात आणि मशिनी रात्रभर रिकाम्या चालत, भाडं चढत राही. आरतीला ते बघवेना. कुणी न सांगता तिनं स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम देणारी छोटी फाइल, लिहिली. रोज संध्याकाळी सातला ही स्क्रिप्ट आपोआप चालू मशिनी हुडकी आणि एकेक करून बंद करी. मध्येच हातानंही चालवता येई. तिचं नाव ‘वाढव’. फाइलीत वरच स्वच्छ लिहिलेलं, ‘यानं चालू मशिनी बंद होतात. आधी काम सेव्ह करा.’ आठ महिने सगळं सुरळीत चाललं. कुणी शाबासकी दिली नाही, ते सोडा.

मग पुण्याहून मोहितसाहेब ऑफिसचे नवे साहेब म्हणून आले. एका दुपारी काम तुंबलं. नकाशे संध्याकाळी द्यायचे होते आणि मशिनी कमी पडत होत्या. साहेबांना ‘वाढव’ दिसली. मशिनी वाढतील असं समजून, वरचं काही न वाचता त्यांनी ती चालवली. चौदाच्या चौदा मशिनी बंद पडल्या, सकाळपासूनचं काम गेलं.

आणि बोलणी कुणाला? आरतीला! “वाढव म्हणजे बंद? कुठल्या गावठी शाळेत शिकलात?” साहेब सगळ्यांदेखत ओरडले. “चूक माझी आहे, असं लिहून द्या. नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

आरतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच नोकरीच्या जोरावर तिनं दोन स्थळं परत पाठवली होती. साहेबांनी कागद पुढं सरकवला. तिनं पेन उचललं.

“वरच्या दोन ओळी वाचल्या व्हत्या का, साहेब?”

साहेबांनी कागदावर बोट ठेवलं.

“मग ‘मला वाचता येत नाय’ असं आधी तुमी लिहून द्या.” तिनं पेन आपटलं, पर्स उचलली आणि जिना उतरली.

एसटीतून कळंबला उतरून ती थेट दुकानात आली. आण्णा कुणाला तरी गूळ तोलून देत होते. लेकीला बघून हसले.

“आज लवकर वाढवलं का हापिस?”

“नाय, आण्णा,” ती म्हणाली. “बंद केलं.”

आण्णांचा हात तराजूवरच राहिला.